दिव्यांखाली बदलणारा रंग

२८ सप्टेंबर १९८४. दिल्लीत सुनील गावसकरांच्या नेतृत्वाखालील भारतीय संघ ऑस्ट्रेलियाशी खेळला. भारतातील हा पहिला दिवस-रात्र एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामना. दिव्यांखालच्या खेळाबरोबर छायाचित्रकारांपुढे एक कोडे आले: लागोपाठच्या दोन छायाचित्रांत तोच गणवेश एकदा पिवळसर, एकदा निळसर का दिसावा?

५० हर्ट्झच्या विजेवर मेटल हॅलाइड दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतो. त्यासरशी त्याचा रंगही पालटतो. १/१००० सेकंद उघडणारे शटर त्या आवर्तनाचा केवळ दहावा भाग टिपते. म्हणून शेजारचे दिवे विजेच्या तीन फेजांवर विभागतात. एकाचा उतार दुसरा भरून काढतो. २०१४ साली कॅननच्या ‘सेव्हन-डी मार्क टू’ कॅमेऱ्याने प्रखर क्षण ओळखून शटर उघडण्याची सोय आणली.

कॅमेरा खोटे बोलत नव्हता. डोळाच सरासरी पाहत होता.