हार घातलेली गाडी विकणे आहे

‘फर्स्ट ओनर, बत्तीस पासिंग, टायर नवीन, इन्शुरन्स चालू, टाइमपासवाल्यांनी फोन करू नये.’ मजकूर एकदम रोखठोक. खालचा फोटो पाहावा तर पांढरी अल्टो तुळशीवृंदावनाशेजारी उभी. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, काचेखाली झेंडूचा हार, पुढच्या चाकाखाली लिंबू. ड्रायव्हरच्या दाराशी टोपीवाले आजोबा ताठ उभे आणि त्यांच्या पुढ्यात एक पोरगा, शोरूमने दिलेली पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली छातीशी धरून. कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख: २०१३. गाडी आज विकायला काढली आहे, फोटो मात्र ती घरी आली त्या दिवशीचा.

जुन्या गाड्यांच्या जाहिरातींतले असले फोटो लोक एकमेकांना पाठवून हसतात. मीही हसतो. पण माझा धंदाच फोटोचा. वर्ध्यात सोशालिस्ट चौकाजवळच्या एका गल्लीत माझा स्टुडिओ आहे आणि असले हारवाले फोटो मी जन्मभर काढत आलो. त्यामुळे हसून झालं की मला त्या फोटोमागची गोष्ट दिसू लागते. माझं म्हणणं एवढंच, की आमच्या जिल्ह्यात गाडीचा फोटो विकण्यासाठी म्हणून कधी कोणी काढलाच नव्हता. काढला तो मिरवायला, नाहीतर विम्याच्या साहेबाला दाखवायला. विकायला फोटो लागतो हे कळेपर्यंत हातात मोबाइल आलेला होता, आणि लोकांनी जी रीत ठाऊक होती तीच पुढे चालवली.

माझ्या आजोबांच्या काळात विकायचं वाहन म्हणजे बैल. आर्वी-कारंजाकडची गवळाऊ जोडी, पांढरीशुभ्र आणि चालीला हलकी, दमणीला जुंपली की रस्ता सोडा म्हणायची. अशा जोडीला जाहिरात कसली? बाजारात उभी करायची. घेणारा आधी जबडा उघडून दात पाहायचा: दोनदाती, चारदाती, सहादाती की जुळलेला. मग चालवून पाहायचा, मागून पायांची ठेवण न्याहाळायचा. भाव तोंडाने कोणी बोलायचं नाही. दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवायचे, शेजारी उभ्या असलेल्यालाही पत्ता लागायचा नाही. विकायला आणलेल्या बैलाची शिंगं रंगवलेली असायची, गळ्यात घुंगरमाळ. म्हणजे सजवून विकायची रीत इथे जुनीच आहे, आणि घेणारा सजावटीकडे न पाहता दाताकडे पाहतो ही रीतही तितकीच जुनी.

मग स्कूटर आली. आता वर्ध्याचा माणूस बजाज म्हटलं की जरा ताठ होतोच, त्याला इलाज नाही. बजाज ऑटो ही कंपनी २९ नोव्हेंबर १९४५ ला सुरू झाली ती ‘बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ या नावाने, आणि हे बछराज म्हणजे वर्ध्याचे सेठ बछराज. जमनालाल बजाजांना त्यांच्याच घरात नातू म्हणून दत्तक घेतलं होतं. याच कंपनीची चेतक १९७२ साली निघाली आणि पुढची कित्येक वर्षं ती नंबर लावून मिळायची. दहा-दहा वर्षं थांबायचे लोक. त्या काळात जुनी चेतक नव्यापेक्षा महाग विकली जायची, कारण नवी कागदावर होती आणि जुनी दारात उभी होती. असा माल विकायला फोटो कशाला? तुमच्या घरी स्कूटर विकायची आहे एवढी कुणकुण लागली की संध्याकाळी चार माणसं चहाला यायची. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली तेव्हाही पहिली काही वर्षं हाच प्रकार. अॅम्बॅसेडर आणि फियाट गॅरेजवाल्यांमार्फत हात बदलायच्या. कोणाच्या गाडीचं इंजिन कधी उतरलं, कोणती गाडी कुठे ठोकली, हे मिस्त्रीला तोंडपाठ असायचं आणि त्याचा शब्द हीच जाहिरात होती.

जाहिरात म्हणून जी होती ती पेपरात. नागपुरातून निघणाऱ्या ‘हितवाद’मध्ये, पुढे १९७१ पासून ‘लोकमत’च्या नागपूर आवृत्तीत ‘विकणे आहे’च्या रकान्यात दोन-तीन ओळी. पैसे शब्दांवर, त्यामुळे शब्द चोपून बसवलेले. मॉडेल, साल, स्थिती उत्तम, भेटा. ‘स्थिती उत्तम’ हे दोन शब्द तर फुकट वाटत असावेत अशा थाटात सगळ्यांनी वापरले. फोटो नव्हताच. त्या रकान्यात फोटो छापणं परवडणारं नव्हतं.

इंग्लंडात वेगळं घडलं. जॉन मॅडेस्की नावाच्या माणसाने अमेरिकेत फोटोसह मोटारींच्या जाहिराती छापणारं मासिक पाहिलं आणि १९७७ साली मायदेशी तसंच सुरू केलं. तेच पुढे ‘ऑटो ट्रेडर’ म्हणून गाजलं. फोटोग्राफर गाडीवाल्याच्या दारी जाऊन फोटो काढायचा आणि आठवड्याला अंक निघायचा. तीस-पस्तीस वर्षं लोक असे अंक चाळत राहिले. विकायच्या गाडीचा फोटो कोणत्या बाजूने काढतात, मागे काय दिसू नये, हे तिथल्या माणसाच्या डोळ्यात बसलं. छापील अंक २०१३ मध्ये बंद झाला तोवर त्यांची शाळा पुरी झाली होती. आमच्याकडे ही शाळा भरलीच नाही. आम्ही ‘स्थिती उत्तम’वरून थेट मोबाइलवर आलो.

मग आमची शाळा कोणती? एक तर जत्रा. गिरडच्या जत्रेत फोटोवाले पुठ्ठ्याची मोटार किंवा विमान घेऊन बसलेले मी लहानपणी पाहिले. पुठ्ठ्यामागे उभं राहायचं, स्टेअरिंगवर हात ठेवल्यासारखं करायचं, टिचकी वाजली की झालं. गाडी ही फोटोत आपल्यासोबत दिसण्याची वस्तू आहे, हा संस्कार तिथला. दुसरी शाळा दसरा-पाडव्याची. गाडी नागपूरहून यायची, कधी तीन वाजता म्हणून सांगितलेली रात्री आठला. तोवर मी कॅमेरा घेऊन ओट्यावर बसलेला. छत्तीस फोटोंचा रोल, त्यातले चार-पाच या घराला. त्यामुळे एका फोटोत जास्तीत जास्त माणसं बसवायची. आत्याबाई राहिल्या तर वर्षभर ऐकावं लागेल, म्हणून गाडी अर्धी झाकली गेली तरी चालेल. मी स्वतः कितीदा म्हटलं असेल, ‘बॉनेट दिसू द्या जी थोडं!’ कोणी हललं नाही. बरोबरच होतं त्यांचं. फोटो गाडीचा नव्हताच, त्या घराला गाडी आली याचा होता.

तिसरी शाळा रूक्ष, विम्याची. अपघात झाला की सर्व्हेअरसोबत फोटोग्राफर जायचा. चार कोपऱ्यांतून चार फोटो, नंबर प्लेट स्पष्ट, मोडलेला भाग जवळून. चेसिस नंबरवर कागदाची पट्टी धरून पेन्सिल घासायची, आकडे उमटले की पट्टी फॉर्मवर चिकटवायची. या फोटोत माणूस नको, हार नको, दया नको. विकण्यासाठी हवा तसा फोटो खरं तर हाच, फक्त तो काढायची वेळ लोकांच्या नशिबी वाईट दिवशी यायची. म्हणून तो कोणाला पुन्हा पाहावासा वाटला नाही आणि त्याची नक्कलही कोणी केली नाही.

जुन्या वस्तू विकण्याच्या जाहिराती घेणारी ओएलएक्स ही कंपनी २००६ ची. टीव्हीवरचं तिचं ‘बेच दे’ आमच्याकडे पोरासोरांच्या तोंडी बसलं, पण खेड्यापाड्यांतून फोटोंचा पूर आला तो सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर, डेटा स्वस्त झाला तेव्हा. जोडीला फेसबुक आणि व्हॉट्सअॅपचे गट होतेच. सेलूपासून समुद्रपूरपर्यंतचे गोठे, ओटे आणि खळी एकदम जगापुढे उघडी पडली.

काय नाही पाहिलं त्यांत! टपावर वाळत घातलेल्या वड्या. बोलेरोच्या मागच्या सीटवर सोयाबीनचं पोतं, त्याला सीटबेल्ट लावलेला. काळ्या सँट्रोच्या दारात विकणाऱ्याचंच प्रतिबिंब, उघडाबंब, खांद्यावर पंचा, दोन्ही हातांनी मोबाइल धरलेला. गाडीचं दार आरशासारखं असतं, समोर उभं राहून फोटो काढला की काढणारा त्यात येतोच, थोडं तिरकं उभं राहावं लागतं. हे आम्ही रोल वाया घालवून शिकलो, त्या बिचाऱ्याला कोण सांगणार? मे महिन्यात भर दुपारी काढलेला पांढऱ्या गाडीचा फोटो म्हणजे नुसता पांढरा डाग. वर्ध्याचं ऊन कोणत्याही कॅमेऱ्याला ऐकत नाही. रात्री फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत नंबर प्लेट तेवढी झगझगते आणि गाडी अंधारात. प्लेटवरचा कागद प्रकाश परत फेकणारा असतो, त्याचा हा प्रताप.

नंबर झाकण्याची तर एक वेगळीच कला झाली आहे. कोणी अंगठा धरतो, कोणी चप्पल टेकवतो, एकाने प्लेटवर पळसाचं पान लावलं होतं. नंबर कोणी चोरून दुसऱ्या गाडीला लावेल ही भीती खोटी नाही. पण तोच गृहस्थ पुढच्या फोटोत आरसी बुक उघडून ठेवतो, नाव, पत्ता, नंबर, चेसिस सगळं जगजाहीर! खाली कोणी तरी विचारतंच, ‘भाऊ, मंग थो अंगठा कायले लावला?’

काही फोटो मात्र भोळे नसतात. धुऊन ओली असताना काढलेली गाडी पाहिली की मी थांबतो. पाण्याखाली ओरखडे आणि उडालेला रंग दिसत नाही. मीटरचा फोटो आहे, पण आकडाच नाही, कारण किल्ली न फिरवता काढला आहे. किल्ली फिरवल्याशिवाय डिजिटल मीटर बोलत नाही आणि ते बोलू नये हीच इच्छा. डिक्कीचा फोटो आमच्याकडे लोक अंमळ जास्त निरखतात. या जिल्ह्यात पन्नासेक वर्षं दारूबंदी आहे. चोरट्या मालासह पकडलेल्या गाड्या मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात गंजत पडलेल्या सगळ्यांनी पाहिल्या आहेत. त्यामुळे ‘घरगुती वापर’ लिहिलेल्या गाडीच्या डिक्कीतले पत्रे चेपलेले दिसले की प्रश्न येतो. ‘डॉक्टरची गाडी’ हाही ठरलेला मंत्र. सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज १९६९ चं, नंतर सावंगीचं झालं. शिकून जाणारे डॉक्टर जाताना गाड्या विकतात हे खरं, पण जाहिरातींतल्या सगळ्या डॉक्टरांच्या गाड्या खऱ्या धरल्या तर जिल्ह्यात रुग्णांपेक्षा डॉक्टर जास्त निघतील.

एकदा अशाच जाहिरातीत माझाच फोटो समोर आला. अल्बममधला, प्लॅस्टिकचं पान न काढता मोबाइलने टिपलेला, मधोमध ट्यूबलाइटची पांढरी रेघ. खालच्या कोपऱ्यात माझ्या स्टुडिओचा शिक्का. हिरवी मारुती आणि तिच्याभोवती अख्खं घर उभं. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, ‘काका, आता ते गाडी पाह्यण्यासारखी नाही राह्यली. हाच फोटो चांगला हाय.’ मी गाडी पाहून आलो. खरंच राहिली नव्हती, चाकं उतरून विटांवर उभी होती. पण तो तिची किंमत सांगताना कोणते टायर, किती अॅव्हरेज यातलं काहीच बोलला नाही. बहिणीचं लग्न कोणत्या साली झालं, वडिलांना नागपूरला दवाखान्यात नेलं ते सांगत राहिला. पाच-सात हजारांच्या भंगाराचे त्याला पंचवीस हजार मागावेसे वाटले ते त्यामुळे. भंगारवाल्याला फोटो दाखवून उपयोग नव्हता, त्याने वजनच केलं.

म्हणून माझं मत असं, की विचित्र फोटोला फार भिऊ नये. वड्या, पंचा, तुळस, पोतं, हे सगळं जिथे दिसतं तिथे एक घर आहे आणि त्या घराला पत्ता आहे. भीती बाळगायची ती स्वच्छ फोटोची. मागे काही नाही, सावली नाही, गाडी कॅटलॉगमधून उचलल्यासारखी आणि किंमत निम्मी. सोबत गणवेशातल्या माणसाचा फोटो, ओळखपत्र, ‘बदली झाली, गाडी लष्कराच्या ट्रकने पाठवतो, आधी भाडं टाका.’ ही फसवणूक देशभर झाली आहे. आमच्याकडे ती पटकन पटते, कारण पुलगावला लष्कराचं केंद्रीय दारूगोळा भांडार आहे आणि खरे फौजी खरोखर बदलून जातात. पण खरा फौजी क्यूआर कोड पाठवत नाही, ‘येऊन पाहा’ म्हणतो.

घेणाऱ्यांनी तेच करावं. मोबाइलवर सरकारच्या एमपरिवहन अॅपमध्ये नंबर टाकला की गाडीचं वय, विमा आणि कर्जाचा बोजा दिसतो. चेसिस नंबर मात्र स्वतः वाकून वाचावा आणि आरसीशी ताडून पाहावा. विकणाऱ्यांनी पोराबाळांचे फोटो जाहिरातीत टाकू नयेत, घरच्या अल्बमात राहू द्यावेत. आणि पैसे हातात पडले, फॉर्म २९ आणि ३० वर सही केली म्हणजे सुटलो असंही समजू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे, गाडी राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. गाडी नव्या नावावर चढेपर्यंत अपघात झाला तर नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मालकावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. तेव्हा महिनाभराने तोच नंबर पुन्हा एकदा टाकून नाव बदललं का ते पाहा.