कुत्रा, मांजर आणि मनुष्य : विषारी वायूंच्या मापनातील एक जुना प्रश्न

विषारी वायूची मारकता दर्शविणारा आकडा कोणत्याही रासायनिक संदर्भग्रंथात सहज सापडतो. अमुक वायू, हवेत त्याचे अमुक प्रमाण, अमुक वेळ, आणि निम्मे प्राणी मृत. उत्कलनबिंदू किंवा घनता यांच्याच पंक्तीत हा आकडा छापलेला असल्यामुळे तोही त्या वायूचा एक अंगभूत गुणधर्म असावा, अशी वाचणाऱ्याची समजूत होते. परंतु हा आकडा ज्या प्रयोगांतून निघाला त्यांचा इतिहास पाहिला, म्हणजे त्यात वायूइतकाच वाटा प्राण्याच्या जातीचा, त्याच्या श्वसनाच्या गतीचा आणि प्रयोगकर्त्याने विचारलेल्या प्रश्नाचाही असतो, हे ध्यानात येते. त्या इतिहासातील काही प्रकरणांचा येथे परामर्श घ्यावयाचा आहे.

कार्बन मोनॉक्साइड रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो, हे क्लोद बेर्नार याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दाखवून दिले होते. इंग्लंडमध्ये जॉन स्कॉट हॉल्डेन याने 1895 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हा वायू स्वतःच हुंगला आणि आपल्या शरीरावरील परिणामांची नोंद ठेवली. कोळशाच्या खाणींतील स्फोटांनंतर मरणाऱ्या कामगारांपैकी पुष्कळजण भाजून नव्हे तर या गंधहीन वायूने मरतात, हा त्याचा निष्कर्ष 1896 च्या अहवालात आला. खाणीत उतरताना उंदीर किंवा तत्सम लहान प्राणी सोबत न्यावा, ही सूचनाही त्याचीच. पुढे ते काम कॅनरी पक्ष्याकडे गेले आणि ब्रिटिश खाणींत 1986 पर्यंत राहिले. या सूचनेमागील विचार मोठा मार्मिक आहे. लहान प्राण्याचा श्वासोच्छ्वास जलद चालतो, त्यामुळे त्याचे रक्त माणसाच्या रक्तापेक्षा फार लवकर विषाने भरते. म्हणजे हॉल्डेनला उंदीर हवा होता तो मनुष्यासारखा असल्यामुळे नव्हे, मनुष्याहून वेगळा असल्यामुळे. प्राणी आणि मनुष्य यांतील अंतराचा इतका सरळ व प्रामाणिक उपयोग नंतरच्या काळात क्वचितच झालेला दिसतो.

जर्मनीत कार्ल बेर्नहार्ड लेमान याने 1886 पासून कारखान्यांतील वायूंची परीक्षा मुख्यतः मांजरांवर आरंभिली होती. पहिले महायुद्ध सुरू झाले आणि हीच पद्धत बर्लिननजीक डालेम येथे फ्रिट्झ हाबर याच्या संस्थेत गेली. तेथे फेर्डिनांड फ्लूरी याने मांजरांवर केलेल्या प्रयोगांवरून हाबरने एक सुटसुटीत नियम मांडला : वायूची संहतता आणि श्वसनाचा काळ यांचा गुणाकार एका ठराविक अंकास पोचला की प्राणी मरतो. घनमीटरातील मिलिग्रॅम गुणिले मिनिटे, असे त्याचे माप. फॉस्जीनकरिता हा अंक 450, क्लोरीनकरिता 7500. अंक जितका लहान तितके विष जहाल. नियम सोपा, सेनानींना समजण्याजोगा आणि कोष्टकात बसणारा. कारखान्यांतील हवेच्या मर्यादा ठरविणाऱ्या शांततेच्या काळातील शास्त्रानेही तो पुढे उचलला, याचे आश्चर्य वाटावयास नको.

परंतु हाबरच्या स्वतःच्याच कोष्टकात एक वायू या नियमास जुमानत नव्हता. हायड्रोसायनिक आम्लाचा गुणाकार 1000 पासून 4000 पर्यंत बदलत असे. कारण उघड आहे. सायनाइडची थोडी मात्रा शरीर स्वतःच निर्विष करू शकते. मंद हवेत प्राणी दीर्घकाळ तग धरतो, तीव्र हवेत काही क्षणांत कोसळतो, आणि मग गुणाकारास स्थिर राहण्याचे कारणच उरत नाही.

याच वायूने पुढचा धडा इंग्लंडमधील पोर्टन येथे दिला. फ्रेंचांनी 1916 च्या जुलैत सोम नदीच्या आघाडीवर हायड्रोसायनिक आम्लाचे गोळे वापरले होते. पण हवेहून हलका असलेला हा वायू उघड्या रणांगणावर टिकेना. तरीही केवळ कुत्र्यांवरील प्रयोग पाहिलेल्यास तो अत्यंत भयंकर वाटला असता. मनुष्याचे काय? केंब्रिजचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ जोसेफ बारक्रॉफ्ट, ज्यांचे संगोपन युद्धविरोधी क्वेकर कुटुंबात झाले होते, ते या प्रश्नाचा निकाल लावण्यासाठी मुखवटा न लावता एका कुत्र्यासह वायुकोठडीत शिरले. हवेत या वायूचे प्रमाण सुमारे दोन हजारांत एक भाग इतके होते. सव्वा मिनिटाच्या सुमारास कुत्रा निश्चेष्ट पडला. बारक्रॉफ्ट दीड मिनिटाने आपल्या पायांनी बाहेर आले, आणि थोड्याशा भोवळीपलीकडे त्यांना विशेष त्रास झाला नाही. कुत्रा मेला असे समजून त्याला बाजूला ठेवण्यात आले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो हिंडता-फिरता आढळला.

ही हकीकत बहुधा बारक्रॉफ्ट यांच्या धाडसाचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. धाडस होतेच, परंतु प्रस्तुत लेखकास तिचे महत्त्व निराळे वाटते. बारक्रॉफ्ट यांनी 1931 साली या वायूविषयीचे प्रयोग प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांत अनेक प्राण्यांची एका ओळीत तुलना होती. घनमीटरास एक ग्रॅम या प्रमाणात कुत्रा मिनिटाच्या आत, उंदीर, मांजर व ससा सुमारे मिनिटात, बकरी तीन मिनिटांत, तर माकड त्याहूनही काहीसे उशिरा मरणपंथास लागते. हवा एकच आणि काळात चौपट फरक. या ओळीत मनुष्य कोठे बसतो, हे कोणताही प्राणी स्वतःहून सांगू शकत नाही. त्यासाठी कोणास तरी कोठडीत जावे लागते. आणि बारक्रॉफ्ट गेले तरी ते जिवंत बाहेर आले एवढेच कळले. माणसाच्या मरणाचा अंक अज्ञातच राहिला, आणि तो तसा राहावा हेच योग्य.

1927 साली ट्रेव्हन याने निम्मे प्राणी मरतील अशी मध्यम मात्रा हे प्रमाण मापन म्हणून मांडले. त्यामुळे निरनिराळ्या प्रयोगशाळांचे आकडे तुलनीय झाले, हा लाभ मोठा. मात्र त्याचबरोबर ‘किती मेले?’ हाच शास्त्राचा मुख्य प्रश्न होऊन बसला. जे प्राणी वाचले ते कसे वाचले, याची विचारपूस मागे पडली.

या एकांगी प्रश्नाची किंमत काय असू शकते, हे पाहण्यासाठी आपल्या देशातील प्रकरणाकडे यावे लागते. मिथिल आयसोसायनेट या द्रव्याविषयी किमर्ले व एबेन या जर्मन संशोधकांनी 1964 साली एक निबंध प्रसिद्ध केला होता. चार तास श्वसन झाल्यास दहा लाख भाग हवेत सुमारे पाच भाग एवढ्यानेच निम्मे उंदीर दगावतात, असे त्यात आढळले. चार माणसांनीही अल्पकाळ या वायूचा अनुभव घेतला. दशलक्षात दोन भागांस डोळ्यांतून पाणी आले, एकवीस भागांस तेथे थांबणे अशक्य झाले. कामाच्या जागी मर्यादा दशलक्षात 0.02 भाग ठरविली गेली होती. म्हणजे द्रव्य किती जहाल आहे, हे छापील स्वरूपात उपलब्ध होते. असे असता 2 व 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या रात्री भोपाळमधील युनियन कार्बाइडच्या टाकीतून सुमारे 40 टन द्रव्य वस्तीवर गेले, तेव्हा कोणती लक्षणे अपेक्षावी व उपचार काय करावा, याचे उत्तर त्या शहरातील वैद्यांजवळ नव्हते. शवविच्छेदनात डॉ. हीरेश चंद्र यांना सायनाइडची आठवण करून देणारा लालभडक रंग दिसला. सोडियम थायोसल्फेट द्यावे की नाही यावर वाद माजला, आणि बारक्रॉफ्ट यांचा जुना वायू पुन्हा चर्चेत आला.

वाचलेल्या प्राण्यांचे पुढे काय होते, हे प्रयोग मुख्यतः दुर्घटनेनंतर झाले. अमेरिकेत उंदरांना दोन तास हा वायू देऊन तीन महिने त्यांचे निरीक्षण करण्यात आले. वाचलेल्यांच्या श्वासनलिकांत तंतुमय ऊतक वाढलेले दिसले. दया वर्मा यांनी गर्भवती उंदरांवरील प्रयोगांत गर्भनाश आढळल्याचे 1987 मध्ये नोंदविले. परंतु येथे क्रम उलटा झाला होता. कारखान्याजवळच्या वस्तीत दुर्घटनेच्या वेळी गर्भवती असलेल्या 865 स्त्रियांपैकी 43 टक्के स्त्रियांना जिवंत मूल झाले नाही, ही त्याच वर्मा यांच्या पाहणीतील माहिती. माणसावर जे घडून गेले होते, त्याचा पडताळा उंदरांवर घेतला जात होता.

आंतरराष्ट्रीय स्तरावर 1981 साली ठरलेल्या तीव्र श्वसन-विषाक्ततेच्या प्रमाण पद्धतीत प्राण्यांचे निरीक्षण किमान चौदा दिवस करावे असे म्हटले आहे. 2017 साली तिला एक पर्यायी पद्धत जोडण्यात आली. तीत प्राणी मरण्याची वाट न पाहता विषबाधेची स्पष्ट चिन्हे दिसताच निष्कर्ष काढता येतो. प्राण्यांच्या यातना त्यामुळे कमी होतात. निरीक्षणाचे दिवस मात्र चौदाच आहेत.