ओळखीचं कुणी आहे का?

नोकरी शोधायची असो, परक्या गावात खोली बघायची असो, नाहीतर नवा धंदा चालवायचा असो, आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: "तिथं ओळखीचं कुणी आहे का?" लिंक्डइन (२००३), फेसबुक आणि ऑर्कुट (दोन्ही २००४) आली आणि आपल्याला वाटलं की नेटवर्किंग नावाचं काहीतरी नवीन सुरू झालं. पण माणसं जोडणं, काम मिळवणं आणि माल खपवणं ही तिन्ही कामं ओळखीच्या जोरावर कशी चालतात, हे बघायचं तर शंभर-सव्वाशे वर्षं मागे जाऊ. आणि तेही सोलापूरला.

१८६० मध्ये मुंबईची रेल्वे सोलापूरला पोचली. १८७० च्या दशकात मोरारजी गोकुळदासांनी सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल काढली. सोलापूरकर तिला जुनी मिल म्हणतात. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू या गिरण्या आल्या आणि गाव भोंग्यावर चालू लागलं. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, कर्नाटकाकडून कन्नड बोलणारे आले, आसपासच्या दुष्काळी खेड्यांतून मराठी माणसं आली.

आता विचार करा, हातात ना बायोडेटा, ना मोबाईल. नुसता पत्ता आणि एक नाव, की अमक्याच्या घरी जा, तो आपल्यातला आहे. एक जण आला, की पुढच्या खेपेला भाऊ, मग मेहुणा, मग गल्लीतले चार जण. अशानेच सोलापूरचा 'पूर्व भाग' तेलुगू बोलू लागला. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तोही याच वस्तीचा. म्हणजे राहायला जागा, उधारी, लग्नं जुळवणं, अडीनडीला धावणं, सगळं एकाच नेटवर्कवर!

गिरणीत काम मिळायचं ते जॉबरमार्फत. जॉबर म्हणजे मुकादमच. मशीन तो बघायचा, माणसं तोच भरायचा आणि कुणाला काढायचं तेही बरंचसं त्याच्याच हातात. तो भरणार कुणाला? अर्थात आपल्या गावच्या, नात्यातल्या, जातीतल्या माणसाला. वर दस्तुरी घ्यायचा ती वेगळीच. १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात यावर बोट ठेवलं आणि भरतीचं काम जॉबरच्या हातून काढून लेबर ऑफिसरकडे द्यावं असं सुचवलं.

थोडक्यात काय, तर आपल्या कंपन्यांमधली 'एम्प्लॉयी रेफरल' स्कीम आणि जॉबर यांच्यात फरक आहे, पण आपण समजतो तेवढा नाही. फक्त आता दस्तुरी उलटी मिळते, बोनस म्हणून! :-)

आता या ओळखीची दुसरी बाजू. ज्याची ओळख नाही त्याचं काय? मुंबईच्या गिरण्यांत जास्त पगाराच्या विणकाम खात्यात दलित कामगारांना घेत नसत. कारण काय, तर धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागायचा आणि तो उष्टा धोटा दुसऱ्याने कसा वापरायचा? १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. सोलापुरात आणखी वेगळी गोष्ट. 'गुन्हेगार जमाती' कायद्याखाली नोंदलेल्या लोकांना इथे तारेच्या कुंपणातल्या सेटलमेंटमध्ये ठेवलं होतं. त्यातले अनेक जण गिरणीत काम करायचे, पण हजेरी द्यायला परत कुंपणात. ऑगस्ट १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण कपाळावरचा शिक्का सहज गेला नाही. एकच शब्द बघा, ओळख. कुणाला काम मिळवून देते, आणि कुणाला आयुष्यभर चिकटते.

१९७३ मध्ये मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने एक गाजलेला निबंध लिहिला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्याने विचारलं, की ही ओळखीची व्यक्ती तुम्हाला किती वेळा भेटायची? नेहमी भेटणारे निघाले जेमतेम १७ टक्के. बाकीचे अधूनमधून किंवा क्वचित भेटणारे. कारण सोपं आहे. जवळच्या मित्राला जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतंच. नवी बातमी येते ती लांबच्या माणसाकडून. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या दोन कोटींहून जास्त लोकांवर झालेल्या अभ्यासातही साधारण हेच दिसलं. फार घट्टही नाही आणि अगदीच नावापुरतीही नाही, अशी मधली ओळख सर्वांत उपयोगी.

राहता राहिला धंदा. सोलापुरी चादर जकार्डच्या मागावर विणली जाते. (जकार्ड म्हणजे पंचकार्डवर चालणारा माग. आपल्या प्रोग्रामिंगचा लांबचा आजोबाच म्हणा ना!) पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोटला जाणारी माणसं सोलापुरात उतरायची आणि येताना चादर घेऊन जायची. ती घरी वर्षानुवर्षं टिकायची आणि शेजारीण विचारायची, कुठून आणली? हीच जाहिरात. नाव इतकं झालं की दुसरीकडचा मालही 'सोलापुरी' म्हणून विकला जाऊ लागला. शेवटी २००५-०६ मध्ये सोलापुरी चादर आणि टॉवेल यांना जीआय नोंदणी मिळाली. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनेही ते नाव सोलापूरचं झालं.

ऑर्कुटवर आपण ढीगभर टेस्टिमोनियल्स लिहिली. ३० सप्टेंबर २०१४ ला गूगलने दुकान बंद केलं आणि ती पानं गेली. पेजवर कितीही फॉलोअर असले तरी दार मालकाचं असतं, तो कधीही कडी लावू शकतो. चादरीचं नाव टिकलं ते लोकांच्या घरात होतं म्हणून.

तेव्हा प्रोफाइल अपडेट करा, धंद्याचे फोटो जरूर टाका, त्याला कुणाची ना नाही. पण पुढच्या वेळी तुमच्याकडे रेफरल मागायला कुणी आलं, तर एक करून बघा. आपल्या कॉलेजचा, आपल्या गावचा, आपल्या आडनावाचा नसलेला एखादा बायोडेटाही नीट उघडून वाचा. तेवढ्या पाच मिनिटांपुरते तुम्हीच जॉबर असता. आणि कुंपणाबाहेरच्या माणसाला 'ओळखीचं कुणी' लागतं ते नेमकं तिथेच.