हरित इमारतींची जलगणना : तोटी आणि बादली

हरित इमारतीच्या जलगणनेत कोणती उपकरणे धरावयाची आणि कोणती वगळावयाची, हा प्रश्न वरवर पाहता नळकारागिराचा वाटतो. त्याच्या मुळाशी मात्र 'वाहणे' आणि 'भरणे' या दोन क्रियापदांतील भेद आहे.

या गणनेची मापे मुख्यतः अमेरिकेच्या १९९२ च्या ऊर्जाविषयक कायद्यातून आली. शौचकूपास एका वेळी १.६ गॅलन, म्हणजे सुमारे ६ लिटर, आणि शॉवरला मिनिटास २.५ गॅलन, म्हणजे सुमारे ९.५ लिटर, अशी कमाल मर्यादा त्यात घातली गेली. पुढे 'लीड' या मानांकनपद्धतीने तीच आधारभूत मानली. शौचकूप, मूत्रपात्र, हात धुण्याची तोटी, स्वयंपाकघरातील तोटी आणि शॉवर एवढी उपकरणे तिने गणनेत घेतली. स्नानाचा टब भरणारी तोटी आणि सफाईची बादली भरण्याचे सिंक वगळले. यातील तर्क बिनतोड आहे. जेथे पाण्याचे मान भांडेच ठरविते, तेथे धार बारीक केल्याने वेळ तेवढा वाढतो. पाणी वाचत नाही.

भारतात हैदराबादच्या सोहराबजी गोदरेज केंद्रास २००३ साली लीडचे प्लॅटिनम मानांकन मिळाले. पुढे येथील पद्धतींनी शौचालयातील हातफवाऱ्याची यादीत भर घातली, ते उचितच झाले. बादली मात्र बाहेरच राहिली.

धामणगाव रेल्वे हे उदाहरण घेऊ. (१८६७ साली नागपुरास पोचलेल्या लोहमार्गामुळे 'रेल्वे' हा परका शब्द या गावाच्या नावातच रुळला.) वऱ्हाडातील अशा गावी 'नळ आले' म्हणजे पाणी आले. उपकरणाचे नाव पाण्यास मिळाले, कारण पाणी ठरावीक वेळी येते आणि ते भरूनच ठेवावे लागते. न्हाणीत स्नान होते ते बादलीने.

आता हिशेब पाहावा. लीडच्या गृहगणनेत शॉवरखालील स्नान ८ मिनिटांचे धरतात. म्हणजे ७६ लिटर. मिनिटास ६ लिटरचा शॉवर बसविला की ४८ लिटर लागतात, आणि वाचलेल्या २८ लिटरांचे श्रेय इमारतीस मिळते. पंधरा लिटरच्या दोन बादल्या घेणारा मनुष्य ३० लिटरांत स्नान आटोपतो; पण बादली भरणारी तोटी 'भरण्याची' ठरल्याने त्याची काटकसर हिशेबातच येत नाही. वगळण्याचा नियम येथे चुकीचा नाही. चुकते ते आधारमान. ते शॉवरच्या घरावरून घेतले आहे, आणि ज्या घरात शॉवर नाही त्यालाही तेच लावले जाते.