कुरखेड्याची मुले उदासीन नाहीत

शिष्यवृत्तीचा विषय निघाला की आपल्याकडे एक मत हमखास ऐकू येते. तहसील कचेरीत, प्राध्यापकांच्या खोलीत, आढावा बैठकांत, वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानांवर ते सारख्याच खात्रीने मांडले जाते. मत असे: सरकारच्या योजना भरपूर आहेत, पैसाही आहे, पण आदिवासी भागातल्या मुलांना माहिती नसते, आणि माहिती असली तरी वेळेत अर्ज भरण्याची कळकळ नसते. म्हणून निधी पडून राहतो. उपाय काय, तर जनजागृती. शिबिरे घ्या, फलक लावा, पालकांना समजावा.

हे म्हणणारे बहुतेक सज्जन आहेत आणि त्यांची बाजू पोकळ नाही. म्हणून ती आधी पूर्ण बळाने मांडू. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. अडीच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना तीत शुल्कही मिळते आणि निर्वाह भत्ताही. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या इतरांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, अनुसूचित जातींच्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे. २०१८ च्या सुमारास महाडीबीटी हे एकच संकेतस्थळ आले आणि पैसे थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जाऊ लागले. संस्थाचालकाच्या हातातून वाटपाची दोरी सुटली. ही खरोखर मोठी सुधारणा होती आणि तिचे श्रेय द्यायलाच हवे. एवढे सगळे दारात आणून ठेवल्यावरही अर्ज येत नसतील, तर दोष कोणाचा?

प्रश्न रास्त आहे. त्याला दिले जाणारे उत्तर मात्र चुकीचे आहे, आणि ते चुकीचे का, हे गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेड्याइतके स्वच्छ क्वचित कुठे दिसेल.

उदासीनतेचा आरोप पहिल्यांदा तपासू. मालेवाडा, पुराडा, गेवर्धा या गावांकडून येणारी हीच मुले पोलीस भरतीचा अर्ज भरतात. वेळेत भरतात. त्यासाठी शुल्क मोजतात, पहाटे उठून धावतात, परीक्षेला गडचिरोलीपर्यंत जातात. शिष्यवृत्तीच्या अर्जापाशी आल्यावर त्याच मुलांच्या अंगात आळस कुठून शिरतो? माणूस तोच, वय तेच, मोबाईलही तोच. फरक अर्जात आहे. भरतीच्या अर्जाला उमेदवार आधी आपली माहिती स्वतः भरतो. मूळ कागद नंतर तपासले जातात, तेही पुढच्या टप्प्यावर पोचलेल्यांचे. शिष्यवृत्तीला आधी सगळे कागद, मग अर्ज. नोकरी देताना राज्य विद्यार्थ्याच्या शब्दावर पहिले पाऊल टाकते. महाविद्यालयाची फी देताना तेवढाही विश्वास ठेवत नाही. हा क्रम ज्याने ठरवला त्याच्याविषयी कोणी बोलत नाही. बोलणी मुलांच्या वाट्याला येतात.

आता माहितीचा मुद्दा. माहिती दिली की अर्ज वाढतील, हे गृहीतक कोणी तपासले आहे काय? तपासले आहे, आणि काटेकोरपणे. अमेरिकेत २००८ मध्ये ओहायो राज्यात आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लट शहरात, करविवरणे भरून देणाऱ्या एच अँड आर ब्लॉक या कंपनीच्या कार्यालयांत बेटिंगर, लाँग, ओरिओपोलस आणि सॅनबोनमात्सू या संशोधकांनी एक प्रयोग केला. कमी उत्पन्नाच्या काही कुटुंबांना तिथल्या तिथे, करविवरणातली माहिती वापरून, सरकारी शिक्षणसाह्याचा अर्ज भरून दिला. दुसऱ्या काहींना फक्त माहिती दिली, म्हणजे तुम्हाला एवढे साह्य मिळू शकते आणि जवळच्या महाविद्यालयाची फी इतकी आहे. तिसऱ्या गटाला एका सर्वसाधारण माहितीपत्रकापलीकडे काही नाही. निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना अर्ज भरून दिला त्या घरांतल्या बारावीच्या मुलांपैकी पुढे दोन वर्षे महाविद्यालयात टिकलेल्यांचे प्रमाण २८ वरून ३६ टक्क्यांवर गेले. ज्यांना नुसती माहिती दिली त्यांच्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. जनजागृतीच्या पक्षाने या निकालाचे उत्तर दिले पाहिजे. त्या देशाने उत्तर दिले. २०२० मध्ये कायदा करून तिथला अर्ज आखूड केला, आणि २०२४-२५ च्या वर्षापासून उत्पन्नाची माहिती थेट करखात्याकडून अर्जात येऊ लागली.

आपल्याकडे गरीब कुटुंब आयकर भरत नाही, मग राज्याकडे त्याच्या उत्पन्नाची नोंद कशी असणार, असा आक्षेप इथे येईल. वरवर बिनतोड वाटणारा हा आक्षेप कुरखेड्यात टिकत नाही. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. त्याखाली महाराष्ट्राने ग्रामीण भागातल्या प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ४४ हजार रुपये ठरवली. म्हणजे ज्या घराच्या शिधापत्रिकेवर प्राधान्य कुटुंबाचा शिक्का आहे, त्याचे उत्पन्न ४४ हजारांच्या आत असल्याचे राज्याने स्वतः मान्य करून ठेवले आहे. शिष्यवृत्तीची मर्यादा अडीच लाख. चव्वेचाळीस हजार हे अडीच लाखांपेक्षा कमी आहेत, हे ठरवायला तहसीलदाराची सही कशाला लागावी? शिवाय याच भागात आदिवासी विकास महामंडळ सहकारी संस्थांमार्फत आधारभूत किमतीने धान खरेदी करते आणि चुकारे खात्यात जमा करते. रोजगार हमीची मजुरी खात्यात जाते. सातबारा संगणकावर आहे. घराची जमीन, धान, मजुरी, शिधा, सगळे राज्याच्या दप्तरात आहे. तरी त्या घरातल्या मुलीला उत्पन्नाचा दाखला आणायला सांगितले जाते. शिधापत्रिका खोट्या असतात, असे कोणी म्हणेल. मग उत्पन्नाचा दाखला कशाच्या आधारे दिला जातो? पटवाऱ्याच्या अहवालावर, सातबाऱ्यावर आणि त्याच कुटुंबाच्या स्वयंघोषणेवर. दोन्हींच्या मुळाशी एकच शब्द आहे. महिन्याच्या धान्यासाठी तो चालतो, फीसाठी चालत नाही, याला तर्क म्हणत नाहीत.

आणि हा दाखला काढायचा कधी? प्रवेशाच्या दिवसांत. म्हणजे जून-जुलैत, रोवणीच्या ऐन हंगामात. बाप एक मजुरी बुडवून कुरखेड्याला येतो. सेतू केंद्रावर सर्व्हर बंद असतो, किंवा पटवारी दुसऱ्या साज्यावर गेलेला असतो. दुसरी मजुरी बुडते. मग आधारवर आडनाव मडावी ‘व्ही’ने लिहिलेले आणि गुणपत्रिकेवर ‘डब्ल्यू’ने, म्हणून अर्ज परत येतो. मग बँक खाते आधारला जोडलेले नाही म्हणून मंजूर झालेला हप्ता अडकतो. एवढ्या फेऱ्या जो घालतो त्याला उदासीन म्हणायचे असेल, तर कळकळ म्हणजे आणखी काय असते?

सर्वांत जड कागद अजून राहिला. वैद्यकीय, अभियांत्रिकी किंवा तशा व्यावसायिक शिक्षणाला राखीव जागेवर जायचे तर जात वैधता प्रमाणपत्र लागते. सर्वोच्च न्यायालयाने माधुरी पाटील प्रकरणात १९९४ मध्ये तपासणी समित्यांची चौकट घालून दिली, आणि महाराष्ट्राचा कायदा ऑक्टोबर २००१ पासून लागू झाला. त्याच्या आठव्या कलमाने सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर टाकला. अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचे वास्तव्य आणि नोंदी मागितल्या जातात: आजोबांचा शाळेचा दाखल-खारीज उतारा, कोतवाल पंजीतली नोंद, जुना महसुली कागद. या आग्रहाला कारण आहे, हे मी नाकारत नाही. खोट्या दाव्यांनी सर्वांत जास्त नुकसान झाले ते खऱ्या आदिवासींचेच. पण १९५० पूर्वी हा मुलूख मध्य प्रांतातल्या चांदा जिल्ह्यात होता आणि त्याचा बराच भाग जमीनदाऱ्यांखाली. जंगलातल्या गावांत शाळा किती होत्या? ज्या आजोबांना राज्याने शाळाच दिली नाही, त्यांच्या शाळेचा दाखला राज्य नातीकडे मागते. आणि मागितलेला कागद राज्याच्याच अभिलेखागारात असतो किंवा राज्याच्याच हातून गहाळ झालेला असतो. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठाकूर जमातीच्या प्रकरणात स्पष्ट केले की आप्तभाव चाचणी, म्हणजे कुटुंबाच्या चालीरीती जमातीशी जुळतात का याची तपासणी, हा दावा निकाली काढणारा एकमेव निकष असू शकत नाही, आणि वडिलांकडच्या रक्तनात्यातल्या व्यक्तीला रीतसर चौकशीनंतर मिळालेल्या वैधतेला वजन दिले पाहिजे. ही दिशा योग्य आहे. मोठ्या भावाची वैधता हाती असताना धाकटीला पुन्हा पहिल्या पायरीवर उभे करण्यात कोणाचे हित आहे?

प्रतिपक्षाचा खरा बालेकिल्ला मात्र गैरव्यवहाराचा आहे. कागद सैल केले तर पैसा लुटला जाईल, असे ते म्हणतात. आणि दाखला आमच्याच जिल्ह्याचा देतात. २०१४-१५ च्या सुमारास गडचिरोलीत शिष्यवृत्तीचा मोठा अपहार उघडकीस आला, हे खरे आहे. पुढे राज्याला विशेष तपास पथक नेमावे लागले. पण अपहार कोणी केला होता? बोगस विद्यार्थी दाखवून पैसे उचलले ते काही शिक्षणसंस्थांनी, आणि अटक झालेल्यांत सरकारी अधिकारीही होते. ज्यांच्या नावावर रकमा निघाल्या त्यांच्यातल्या कित्येकांना आपण कुठल्या अभ्यासक्रमाला आहोत याचा पत्ताही नव्हता. पुराव्यांची भिंत तेव्हाही होती. ती संस्थांनी ओलांडली, कारण शिक्का मारणारेच त्यांच्या बाजूला होते. यातून धडा घ्यायचा तो संस्थेच्या हजेरीपटाची तपासणी कडक करण्याचा. घेतला काय? विद्यार्थ्याने आणखी चार कागद आणावेत, असा. गुन्हा एकाचा, जामीन दुसऱ्याकडून.

फुकटच्या पैशाने मुले बिघडतात, असे एक हलके मतही फिरते. त्याला आकड्यानेच उत्तर द्यावे. केंद्राने २०१० मध्ये अनुसूचित जमातींसाठी ठरवलेल्या दरांत घरी राहून बी.ए. करणाऱ्या विद्यार्थ्याचा निर्वाह भत्ता महिन्याला ३०० रुपये आहे, आणि वसतिगृहात राहणाऱ्याचा ५७०. अनुसूचित जातींसाठी २०२१ नंतरचा नवा दर घरी राहणाऱ्याला वर्षाला ३,००० रुपये. या रकमेत कोण बिघडतो? आणि सरकारी साह्याने माणूस बिघडत असेल तर तो नियम सर्वांना लावा. आयकराची जुनी पद्धत निवडणाऱ्या करदात्याचे उच्च शिक्षणाच्या कर्जावरचे व्याज आठ वर्षांपर्यंत उत्पन्नातून वजा होते, आणि त्याला रकमेची कमाल मर्यादा नाही. तेही सरकारी शिक्षणसाह्यच. ते मिळवायला करदाता विवरणपत्रात कर्जाचा तपशील स्वतः भरतो. तहसीलदाराचा दाखला नाही, आजोबांचा उतारा नाही, शंका आली तर नंतर तपासणी. त्या करदात्याला कोणी लाभार्थी म्हणत नाही, आणि त्याची कळकळही कोणी मोजत नाही.

हा वाद नवा नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी सरकारी शिष्यवृत्त्यांच्या पद्धतीवरच बोट ठेवले होते. त्या स्पर्धेने दिल्या जातात. तत्त्वतः हे न्याय्य दिसते. पण त्यामुळे ज्यांना आधीच शिक्षणाची गोडी लागली आहे त्यांनाच त्या मिळतात आणि बाकीच्या वर्गांत शिक्षण पसरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. साठ वर्षांनी, ऑक्टोबर १९४२ मध्ये, डॉ. आंबेडकरांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना दिलेल्या निवेदनात अस्पृश्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी पैशाची मागणी केली. १९४४-४५ मध्ये अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली, १९४८-४९ पासून ती जमातींनाही लागू झाली. शिष्यवृत्तीचा पाया असा आहे: जिथे शिक्षण पोचले नाही तिथे राज्याने पुढे यायचे. आज गुणांची स्पर्धा नाही, कागदांची आहे. तीतही तोच जिंकतो ज्याच्या घरी आधीच कोणी शिकलेला आहे, ज्याच्या आजोबांचा दाखला कपाटात आहे, ज्याचा मामा कचेरीत आहे. फुल्यांचा आक्षेप जसाच्या तसा लागू पडतो.

काही मुले खरोखर चालढकल करतात. प्रत्येक वर्गात असतात, पुण्यातही असतात. पण पुण्यातल्या चालढकल करणाऱ्याला चुकीची किंमत एका रिक्षाभाड्याने मोजता येते. कुरखेड्यातल्या मुलीला तीच चूक एका वर्षाने मोजावी लागते, आणि पुष्कळदा ते वर्ष परत येत नाही.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास घटकांतल्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ झाली. निर्णय चांगला, स्वागतार्ह. पण तोही त्याच दाखल्याच्या दारातून जातो. म्हणून प्रतिपक्षाला एक सरळ प्रस्ताव आहे. मे महिन्यात, रोवणीच्या आधी, कुरखेडा तालुक्यातल्या बारावीच्या विद्यार्थ्यांची नावे शिधापत्रिकेच्या नोंदीशी जुळवावीत. प्राधान्य आणि अंत्योदय कुटुंबांतल्या मुलांचे उत्पन्न सिद्ध मानावे. ज्यांच्या सख्ख्या भावंडाला किंवा वडिलांना वैधता मिळाली आहे त्यांची यादी समितीने स्वतःच्या दप्तरातून काढावी. आणि महाविद्यालयाने अर्ज भरून मुलाच्या हाती फक्त तपासायला द्यावा. नवे मनुष्यबळ लागणार नाही. शिबिरांवर आणि फलकांवर जे खर्च होते तेच पुरेल. एक वर्ष हे करून पाहावे. त्यानंतरही जे अर्ज कोरे राहतील, त्यांचा जाब खुशाल मुलांना विचारावा.