मोरीचे पाणी आणि माटुंग्याची टाकी

सज्जन हो, वारीच्या वाटेवर नदी लागली की आपण वहाणा काढतो, ओंजळभर पाणी डोळ्यांना लावतो. वरच्या गावाने त्यात काय सोडले, हे मात्र कोणी विचारीत नाही. आज तेवढेच विचारू, आणि त्यासाठी आधी जुन्या मुंबईत जाऊ.

१८९० साली मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी ॲकवर्थ यांच्या खटपटीने माटुंग्यास बेघर कुष्ठरोग्यांसाठी आश्रम निघाला. हे तेच ॲकवर्थ, ज्यांनी शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह शाहिरांचे पोवाडे जमवून १८९१ साली छापविले. उत्तररंगात शिवरायांचे आख्यान लावणाऱ्या आम्हा कीर्तनकारांवर त्या पुस्तकाचे उपकार आहेत. त्यांच्या आश्रमाच्या मोरीची कथा मात्र कीर्तनात कोणी लावली नाही.

एवढे रोगी एका ठिकाणी राहणार, तर मैला जायचा कोठे? तेथे बंद टाक्या बांधल्या गेल्या. अशा टाकीत वारा शिरत नाही. गाळ तळाशी बसतो आणि वाऱ्यावाचून जगणारे सूक्ष्म जीव त्याला कुजवून खातात. १८९७ च्या सुमारास या टाक्यांतला वायू धरून त्यावर इंजिन चालविले गेले. आपल्या खेड्यांत गोबरगॅस येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट! निथळलेले पाणी शेतीला गेले. ज्यांची सावली गावाला नको होती, त्यांच्या घरी मैल्याची सोय लागली. आणि रोज स्नान करून देवळात जाणाऱ्या आपल्या गावांचा मैला ओढ्यानाल्यांतून तसाच वाहत राहिला.

बंद टाकी ही पहिली पायरी. दुसरी १९१४ साली इंग्लंडात मँचेस्टरला सापडली. आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी सांडपाण्यात हवा फुंकली, आणि तळाशी बसलेला जिवंत गाळ फेकून न देता पुढच्या पाण्यात मिसळला. आपल्या आयाबाया कालच्या दह्याचे विरजण आजच्या दुधाला लावतात, तसेच हे. कित्येक आठवड्यांचे काम काही तासांवर आले.

तिसरी पायरी आपल्याला अधिक जवळची. पाणी काचेसारखे दिसले तरी त्यात नत्र आणि स्फुरद उरते. शेतकरी वाचकांना ही नावे खताच्या पोत्यावरून ठाऊक आहेत. शेतात ते पीक वाढवते, नदीत जलपर्णी. इंद्रायणीवर तो हिरवा गालिचा तुम्ही पाहिलाच असेल. यावर उपाय असा, की पाण्याला हवा द्यायची आणि तोडायची, असे आलटूनपालटून केले की नत्र वायू होऊन उडून जाते. स्फुरद तुरटीने खाली बसविता येते. अशी यंत्रणा आता एखाद्या वसाहतीपुरती, इस्पितळापुरती, मोठ्या धर्मशाळेपुरतीही उभी राहते.

आमच्या विश्रामबागेतून कृष्णामाई दिसत नाही, म्हणून मोरीत ओतलेले पाणी कोठे जाते हेही दिसत नाही. सांगलीचा शेरी नाला शहराची घाण घेऊन कृष्णेला मिळतो, हे दुखणे जुने आहे. ते पाणी उपसून धुळगावाकडे न्यावे, तळ्यांत शुद्ध करून शेतीला द्यावे, अशी योजना निघाली. रीत माटुंग्याचीच, माप मोठे. माझ्या अल्पमतीला वाटते, मैलोगणती नळांतून घाण वाहून नेण्यापेक्षा जिथली तिथे धुतलेली बरी. लांबचा पंप बंद पडला की नाला पुन्हा नदीचाच.

नाल्याच्या खाली हरिपूर आहे, तेथे वारणा येऊन मिळते. पुढे मिरजेचा कृष्णाघाट, मग दत्तप्रभूंची नरसोबाची वाडी. तेथून कृष्णा कर्नाटकात उतरते आणि रायचूरच्या उत्तरेस भीमा तिला येऊन मिळते. पंढरीची चंद्रभागा ती हीच.