ब्लूग्रास गिटारवादनातील पिकची दिशा

ब्लूग्रास या १९४०च्या दशकात बिल मन्रो यांच्या वाद्यवृंदाने घडवलेल्या अमेरिकी संगीतप्रकारात पोलादी तारांची गिटार एकाच चपट्या पिकने वाजवली जाते व या पद्धतीला फ्लॅटपिकिंग म्हणतात. तिचा मूळ नियम असा, की चार मात्रांच्या आवर्तनात प्रत्येक मात्रेवर पडणारा स्वर पिक खाली नेऊन आणि दोन मात्रांच्या मधोमध येणारा स्वर पिक वर आणून छेडावा. दिशा स्वरांच्या क्रमावरून नव्हे, तर लयीतील स्थानावरून ठरत असल्याने एखादा स्वर गाळला किंवा लांबवला तरी हात तारेला न लावता हलता ठेवावा लागतो. नवशिक्या वादकाची गफलत बहुधा इथेच होते, कारण विरामानंतर तो सवयीने पुन्हा खालचाच आघात करतो आणि लयीचा जोर उलटतो. गिटारवादक डॉक वॉटसन (१९२३–२०१२) यांनी फिडलच्या जलद नृत्यधुना गिटारवर आणल्या, तेव्हा या शिस्तीचे महत्त्व विशेष वाढले. लगतच्या तीन तारांवर स्वर फिरवणाऱ्या क्रॉसपिकिंगमध्ये मात्र मतभेद आहे : ब्लूग्रास गिटारवादक जॉर्ज शफलर दोनदा खाली व एकदा वर असा क्रम वापरीत, तर अनेक वादक तेथेही काटेकोर आलटापालट पाळतात. शिकणाऱ्याने प्रथम आलटापालटच संथ गतीत, मेट्रोनोमसह पक्की करावी. शफलर यांचा क्रम त्यानंतर घेणे अधिक सोयीचे ठरते.